देलाक्रवाच्या ‘अनाथ मुली’ची प्रत: तैलरंगातलं व्यक्तिचित्र थराथराने शिकताना

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं तर जुन्या उस्तादाच्या एका चित्राची मन लावून केलेली प्रत खूप काही देते. कुठलं चित्र घ्यायचं, असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रवाची ‘दफनभूमीतली अनाथ मुलगी’. हे चित्र १८२३-२४ मधलं. देलाक्रवाचा जन्म १७९८ चा, म्हणजे ऐन पंचविशीत केलेलं काम. १८२४ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, गाजलेल्या ‘किऑसचं हत्याकांड’ या प्रचंड चित्राच्या तयारीशी ते जोडलेलं आहे आणि आज ते लूव्र संग्रहालयात आहे. आकार सुमारे ६५.५ × ५४.३ सेंटिमीटर.

शिकणाऱ्याला ते सोयीचं का, तर एकच आकृती, साधी पार्श्वभूमी, फारसे दागिने नाहीत, नक्षी नाही. चेहरा उजवीकडे आणि वर वळलेला, डोळ्यांत पाणी, ओठ किंचित उघडे, खांद्यावरून घसरलेलं फिकट वस्त्र, मांडीवर सैल पडलेला हात, मागे करडं आकाश आणि दफनभूमीचा उजाड पट्टा. लपायला जागाच नाही. चेहरा, मान आणि खांदा या तीन ठिकाणचा हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधली छटा, जमला तर चित्र उभं राहतं, नाही तर कितीही बारकावे भरले तरी मेणाचा पुतळा दिसतो. ही प्रत मुख्यतः हाफटोनसाठीच करायची, असं मी म्हणेन.

आपल्याकडे महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं बघत बघत बरेच जण शिकतात. समोर माणूस बसवून दोन-तीन तासांत ओल्यावर ओलं रंगवून चित्र पूर्ण करायचं, ही परंपरा थोर आहे आणि तिच्यातून हात वेगवान होतो. पण तिथे रेखाटन, टोन (उजळ-गडदपणा), रंग आणि कडा हे चारही निर्णय एकाच फटकाऱ्यात घ्यावे लागतात. शिकाऊ हाताचा एक निर्णय चुकला की नेमकं काय चुकलं ते कळत नाही. देलाक्रवा १८१५ पासून चित्रकार गेरँच्या स्टुडिओत शिकला, चित्रकार जेरिकोही तिथलाच. त्या काळच्या फ्रेंच स्टुडिओंमध्ये चित्र टप्प्याटप्प्याने चढवत. आधी रेखाटन, मग एबोश म्हणजे कच्चा रंगीत थर, मग त्यावर पक्कं काम. प्रत करताना हाच क्रम पाळला की एका वेळी एकच प्रश्न सोडवावा लागतो.

कॅनव्हासच्या मापातच पहिली गफलत होते. बाजारात तयार मिळणारा १६ × २० इंचांचा कॅनव्हास म्हणजे ४०.६ × ५०.८ सेंटिमीटर. त्याची उंची रुंदीच्या सव्वापट आहे, मूळ चित्राची मात्र सुमारे १.२१ पट. प्रतिमा पूर्ण कॅनव्हासभर ताणली तर मुलीचा चेहरा लांबट होतो, आणि पुढे आठवडाभर नाक का लांब दिसतंय हे कळत नाही. म्हणून रुंदी पूर्ण ठेवा, उंची ४९ सेंटिमीटर धरा आणि उरलेली १.८ सेंटिमीटरची पट्टी खाली कागदी चिकटपट्टीने झाकून टाका. प्रत मूळ चित्राच्या साधारण पाऊणपट होते. हे बरंच आहे. लूव्रमध्ये बसून प्रत करणाऱ्यांनाही मूळ मापाची प्रत करायला परवानगी नसते. ती निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी असावी लागते. लूव्र १७९३ मध्ये खुलं झालं तेव्हापासून तिथे प्रत करणारे बसत आलेत. खुद्द देलाक्रवानेही तिथे रूबेन्स आणि व्हेरोनीझ या जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या प्रती केल्या.

तयार कॅनव्हासवर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन हात द्या, एक आडवा आणि एक उभा. मध्ये पूर्ण वाळू द्या आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. स्वस्त कॅनव्हासवरचं प्रायमर फार शोषक असतं. रंगातलं तेल ते ओढून घेतं, ब्रश अडखळतो आणि सावल्या खडूसारख्या कोरड्या दिसतात. जेसो वाळल्यावर यलो ऑकर, थोडा आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा असा मध्यम करडा-पिवळसर रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फडक्याने चोळा. दोन दिवस वाळू द्या. पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर कुठलाही हाफटोन गडद वाटतो, म्हणून हात भितो आणि सगळं चित्र फिकं होतं.

समोर ठेवायला लूव्रच्या ऑनलाइन संग्रहातलं छायाचित्र घ्या. इंटरनेटवर याच चित्राच्या काही प्रतिमा पिवळ्याजर्द, काही निळसर आहेत. रंग कुणीतरी वाढवलेले असतात. एका छायाचित्राचा रंगीत प्रिंट आणि त्याचाच कृष्णधवल प्रिंट, दोन्ही प्रतीच्या मापाचे काढून इझलवर शेजारी लावा. मोबाइलच्या पडद्यावरून रंगवू नका. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, रंग तो फेकत नाही. त्या उजेडाची बरोबरी करायच्या नादात प्रतीतला पांढरा संपून जातो. रंगाची जाडी मात्र प्रिंटमधून कळत नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातलं कुठलंही अस्सल तैलचित्र बाजूने पडणाऱ्या उजेडात जवळून बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत, औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. सावली किती पातळ आणि प्रकाश किती जाड असतो, ते तिथे डोळ्यांनी समजतं.

रंग मोजकेच ठेवा. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि आकाशासाठी थोडा कोबाल्ट ब्लू. पांढऱ्याची ४० मिलीची ट्यूब, बाकीच्यांच्या छोट्या पुरतात. १८२४ मध्ये चित्रकाराकडे शिशाचा पांढरा आणि व्हर्मिलियन हा लाल असे, आणि धातूची ट्यूब तर १८४१ मध्ये आली. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत मिळत. शिसं विषारी, त्यामुळे घरी टिटॅनियमच बरा. पण फरक लक्षात ठेवा. शिशाचा पांढरा किंचित उबदार आणि अर्धपारदर्शक असतो, टिटॅनियम थंड आणि ठार अपारदर्शक. तो तितक्याच मापाने मिसळला तर त्वचा खडूसारखी होते. पांढऱ्याच्या ढिगात आधीच चिमूटभर यलो ऑकर घालून ठेवला की ही अडचण बरीच कमी होते. कॅडमियम रेडही फार जोरकस असतो. तांदळाच्या दाण्याएवढा घ्यायचा आणि लागेल तसा वाढवायचा.

अॅस्फाल्टम किंवा बिट्युमेन नावाचा तपकिरी रंग कुठे मिळाला तरी घेऊ नका. रोमँटिक काळातल्या चित्रकारांना त्याची मधाळ, खोल सावली फार आवडे. तो कधीच पुरता वाळत नाही, वरचे थर त्याच्यावर सरकतात आणि भेगा पडतात. जेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ (१८१९) काळवंडलं, त्याचं एक मोठं कारण हेच. तीच खोली बर्न्ट अंबर, अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक यांच्या मिश्रणातून मिळते.

रेखाटनासाठी बारीक चौकटींचं जाळं आखू नका. उभी मधली रेघ, आडवी मधली रेघ आणि त्यांच्या निम्म्यावरच्या रेघा, इतकंच पुरे. पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने आणि ४ नंबरच्या चपट्या ब्रशने आधी संपूर्ण आकृतीला बाहेरून सरळ रेघांत बांधा: डोक्याचा माथा, मानेची मागची बाजू, खांद्याचा उतार, हाताचा कोपरा. अंबर निवडायचं कारण त्यातल्या मँगेनीजमुळे तो लवकर वाळतो. चुकलं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतं.

या चित्रातली खरी परीक्षा मागे झुकलेल्या डोक्याची आहे. आपला हात सवयीने समोर बघणारा चेहरा काढतो आणि मग तो नुसता तिरपा करतो. डोकं मागे गेलं की जबड्याचा खालचा भाग दिसायला लागतो, नाकपुड्या उघड्या दिसतात, भुवईखालचा पृष्ठभाग दिसतो, कपाळ आखूड होतं आणि कान डोळ्यांच्या रेषेच्या मानाने खाली येतो. कान नेहमीच्या जागी काढला की सगळं बिघडतं. मुलगी वर बघते आहे असं वाटतच नाही, नुसता चेहरा वाकडा वाटतो. म्हणून डोळे-नाक काढण्याआधी तीन गोष्टी मोजा: हनुवटीपासून कानाच्या पाळीपर्यंतचा तिरपेपणा, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जाणारी रेषा, आणि कानामागून हासळीच्या हाडाकडे उतरणाऱ्या मानेच्या स्नायूची दिशा. तो स्नायू ताणलेला आहे. त्याच्या ताणामुळेच मान जिवंत वाटते. ब्रशचा दांडा प्रिंटवर धरायचा आणि कोन न बदलता कॅनव्हासवर आणायचा. मग प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून बघायचे. उलट्या चित्रात डोळा चेहरा ओळखायचं थांबवतो आणि चुकलेले कोन लगेच टोचतात.

रेखाटन वाळलं की एबोश. पहिल्या बैठकीत फक्त सावल्या: केसांचा गडदपणा, मानेच्या मागची सावली, जबड्याखालचा भाग, डोळ्यांच्या खोबणी. बर्न्ट अंबर आणि थोडा ब्लॅक टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावायचा, पांढरा अजिबात नाही. सावलीत पांढरा गेला की ती धुरकट होते आणि मग कितीही गडद केली तरी खोल जात नाही. सावलीच्या आत डोळ्याच्या पापण्या, केसांच्या बटा वगैरे वेगळं काही दाखवू नका. सगळी सावली एक सलग आकार म्हणून बसू द्या.

मग प्रकाश आणि हाफटोन. पॅलेटवर आधी पाच ढीग करून ठेवा, रंगवता रंगवता मिसळू नका. काळा १ आणि पांढरा ९ अशी पट्टी धरली तर सर्वांत उजळ त्वचा ८ च्या वर नेऊ नका. तिच्यासाठी चार भाग पांढरा, एक भाग यलो ऑकर, दाणाभर कॅडमियम रेड. दुसरा ढीग, सुमारे ७: पहिल्याचे तीन भाग, त्यात अर्धा भाग ऑकर आणि आणखी दाणाभर लाल. तिसरा, सुमारे ६, पहिला हाफटोन: दुसऱ्याचे तीन भाग, अर्धा भाग रॉ अंबर, टोकभर आयव्हरी ब्लॅक. चौथा, सुमारे ५, गडद हाफटोन: तिसऱ्यात आणखी रॉ अंबर आणि ब्लॅक, वर चिमूटभर बर्न्ट सिएना. पाचवा, ३ च्या आसपास, सावलीचा: दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग ऑकर, एक भाग ब्लॅक. प्रत्येक कंपनीच्या रंगाची ताकद वेगळी, म्हणून ही मापं सुरुवातीपुरती समजा. प्रत्येक ढीग पॅलेट नाइफच्या टोकावर घेऊन कृष्णधवल प्रिंटवर धरा आणि डोळे किलकिले करून बघा. नाइफवरचा रंग कागदात विरघळल्यासारखा दिसला तर टोन बरोबर.

तिसऱ्या आणि चौथ्या ढिगाकडे पुन्हा बघा. पांढऱ्यात मिसळलेला आयव्हरी ब्लॅक निळसर दिसतो आणि ऑकरशेजारी तो हिरवट करड्याकडे झुकतो. उबदार प्रकाश आणि उबदार सावली यांच्या मधला हा थंड करडा पट्टा म्हणजेच त्वचेचा हाफटोन. नवशिक्याच्या चित्रात तो हटकून नसतो. तिथे प्रकाशाच्या रंगात तपकिरी मिसळून उतार केलेला असतो, त्यामुळे गाल भाजल्यासारखा दिसतो. अनाथ मुलीच्या चेहऱ्यावर थंड भाग बराच आहे, वस्त्रही थंड आणि फिकट आहे, म्हणून गालावरची आणि ओठावरची थोडीशी लाली इतकी जाणवते. लाल वाढवून ती लाली येत नाही. शेजारचा करडा बरोबर लागला की येते.

लावताना ६ किंवा ८ नंबरचा डुकराच्या केसांचा चपटा ब्रश घ्या. प्रकाशाच्या बाजूपासून सावलीकडे एकेक ढीग शेजारी शेजारी फरशीसारखा बसवत जा. घोळू नका. पंख्याच्या आकाराचा मऊ ब्रश या कामात दूर ठेवा, कारण तो पाचही टोन एकमेकांत कालवून टाकतो आणि सगळ्या चेहऱ्यावर एकच गुळगुळीत मध्यम रंग उरतो. दोन फरश्यांच्या मधला सांधा फार टोचत असेल तर मधला टोन मिसळून त्या सांध्यावर एकच फटकारा ठेवा. हा फटकारा चेहऱ्याच्या घडणीच्या दिशेने हवा: गालावर गोलाईभोवती, मानेवर स्नायूला आडवा. १८२४ च्याच सलोंमध्ये इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलची निसर्गचित्रं बघून देलाक्रवाने ‘किऑस’च्या काही भागांवर पुन्हा हात फिरवला, आणि पुढे शेजारी शेजारी ठेवलेल्या तुटक फटकाऱ्यांतून रंग खुलवणं ही त्याची ओळखच झाली.

चेहऱ्याचा एबोश ओला असतानाच आकाश भरा. अनेक जण पार्श्वभूमी शेवटी ठेवतात आणि मग चेहऱ्याच्या कडेकडेने सांभाळत रंग भरत जातात; आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी होते. पांढरा, ब्लॅक, थोडा ऑकर, अगदी किंचित कोबाल्ट, असा करडा पातळ लावा आणि केसांच्या कडेवर तो ओल्या केसांत ओढा. केसांची मागची कड विरघळली पाहिजे, कपाळापासून हनुवटीपर्यंतची कड त्याहून स्पष्ट, आणि ती सुद्धा सगळीकडे सारखी नाही. दफनभूमीचा पट्टा दोन-तीन टोनांत संपवा.

आता किमान आठवडा थांबा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याहून जास्त. तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. थंड, दमट हवेत ते रेंगाळतं. बोट हलकेच टेकवून चिकटत नाही असं झालं की पुढचा थर. पहिल्या थरात फक्त टर्पेंटाइन होतं, दुसऱ्यात तीन भाग टर्पेंटाइनला एक भाग जवसाचं तेल, शेवटच्यात निम्मं-निम्मं. वरचा थर नेहमी खालच्यापेक्षा तेलकट हवा. उलटं झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

वाळल्यावर अंबर आणि ब्लॅक असलेले भाग निस्तेज, राखाडी दिसतील. रंग बिघडलेला नसतो, तेल आत शोषलं गेलेलं असतं. त्या अवस्थेत टोन ठरवायला गेलात तर सगळ्या सावल्या उगाच गडद कराल. निम्मं जवसाचं तेल, निम्मं टर्पेंटाइन असा थेंबभर घेऊन बोटाने निस्तेज भागावर चोळा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने जवळजवळ पूर्ण पुसून घ्या. खरा टोन परत दिसतो आणि त्यावरच पुढचं काम करा. तेलाची फडकी मात्र कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

पक्क्या थरात निम्मा वेळ डोळ्यांना द्या. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नाहीच. तिसऱ्या ढिगाच्या आसपासचा करडा घ्या. वरच्या पापणीची सावली बुबुळावर आणि त्या करड्यावर दोन्हीकडे पडते, ती सोडली तर डोळे बटबटीत होतात. नजर वर गेल्यामुळे बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जातो आणि खाली करड्याची पट्टी उरते. पाण्यासाठी पांढरी रेघ ओढू नका. खालच्या पापणीच्या काठाची जाडी आधी दाखवा, त्यावर एक टोन उजळ ओली कड द्या, तीही मध्येच तोडून. थेंब रंगवताना त्याचा रंग त्वचेचाच ठेवा. ज्या बाजूने उजेड येतो त्या बाजूला थेंब किंचित गडद असतो आणि चमकेचा ठिपका त्याच गडद भागात बसतो. उजेड थेंबातून वाकून पलीकडे जमा होतो, म्हणून विरुद्ध बाजू उजळते. थेंबाखाली बारीक सावली. २ नंबरचा गोल मऊ ब्रश, एकूण चार ठिपके, पुरे. १८२२ च्या ‘दान्तेची नौका’मध्ये अंगावरचे पाण्याचे थेंब देलाक्रवाने वेगवेगळ्या शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवून केले आहेत, त्याचं मोठं केलेलं छायाचित्र हे काम करताना समोर असावं.

ओठांमधली फट काळ्याने भरू नका, बर्न्ट सिएना आणि अलिझरिन पुरतात. वरचा ओठ जवळजवळ हाफटोनमध्येच आहे असं धरून चला आणि ओठांची बाह्यरेषा कुठेही पूर्ण करू नका. वस्त्रावर जाड रंग चालतो, पण त्याआधी ते सगळं ७ च्या खालच्या थंड करड्यात बसवा आणि शुद्ध पांढरा घड्यांच्या दोन-तीन माथ्यांपुरताच ठेवा. हात शेवटी, आणि थोडक्यात. त्याची बोटं चेहऱ्याइतकी रंगवलीत तर नजर खाली ओढली जाते.

सही स्वतःची करा. मागे कॅनव्हासवर ‘देलाक्रवाच्या चित्रावरून’ असं लिहून तारीख घाला. मूळ चित्रकाराची सही प्रतीवर कधीही उतरवायची नाही. व्हार्निश निदान सहा महिन्यांनी. तोवर चित्र उजेड आणि हवा असलेल्या खोलीत ठेवा. अंधाऱ्या कपाटात जवसाचं तेल पिवळं पडतं. पावसाळ्यात चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर सोडा, नाही तर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते.